आजीची तुळस आणि हिरवा सेलोफेन

सुट्टीत तुमच्याही घरी मुलांचे प्रयोग चालत असतील, तर आमच्याकडे काय झालं ते ऐका.

सासूबाई तीन महिने राहून सांगलीला परत गेल्या. टेक्काहून आणलेली तुळस आमच्या एचडीबीच्या कॉरिडॉरमध्ये ठेवून नातीला म्हणाल्या, "हिला सांभाळ गं." लेक प्रायमरी फाइव्हला, डोक्यात प्रकाशसंश्लेषण. तिचा हिशोब सोपा होता: झाड हिरवं, म्हणजे त्याला हिरवा प्रकाश आवडणार. खोक्याला हिरवा सेलोफेन चिकटवून तिने ते तुळशीवर पालथं घातलं. मी ऑफिसच्या गडबडीत. तीन आठवड्यांनी पाहते तर देठ लांबुळके, पानं फिकट, खालची गळलेली. आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ही आजीला जुने फोटो दाखवून "मस्त आहे" म्हणत होती!

खरं सांगते, तोंडावर आलेलं ओरडणं मी गिळलं, कारण तिचा तर्क नेमका कुठे चुकला ते मलाही लगेच सांगता येईना. मग दोघी बसलो. पान हिरवं दिसतं ते हिरवा रंग आवडतो म्हणून नाही, तर इतर रंगांपेक्षा तो जास्त परत फेकतं म्हणून. हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि लाल प्रकाश शोषतं, साधारण 430 आणि 660 नॅनोमीटरच्या आसपास. त्या ऊर्जेने त्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उसळतो, पुढे पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो आणि शेवटी साखर तयार होते. 1882 मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शेवाळाच्या धाग्यावर प्रिझममधून इंद्रधनुष्य पाडलं, तर ऑक्सिजनच्या मागे धावणारे जिवाणू लाल आणि निळ्या पट्ट्यात गोळा झाले. हे ऐकून लेक टाळ्या पिटत होती.

पण मुलांना "हिरवा सगळा परत जातो" असं मात्र शिकवू नका. पान बराचसा हिरवा प्रकाशही वापरतं. आमच्या खोक्याने रंगाबरोबर एकूण उजेडही कमी केला होता, त्यात कॉरिडॉर आधीच अंधारा. शेजारी उघडी दुसरी कुंडी ठेवली नव्हती. म्हणजे प्रयोग म्हणून तो नापासच. हे तिनेच वहीत लिहिलं.

मी म्हटलं, "आजीला तू सांगायचंस." दोन दिवस टाळाटाळ केली. मग फोन लावला, मराठी-इंग्रजीची खिचडी करत सगळं सांगितलं, सेलोफेनसकट. पलीकडे क्षणभर शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, मेली नाहीये ना? शेंडे खुड आणि उन्हाला ठेव. आणि मला जुने फोटो नकोत, आत्ताची दाखव."

कुंडी आता खिडकीच्या पट्टीवर, आतल्या बाजूला आहे. काल खालच्या पेरातून दोन फुटवे आलेत. लेकीने फोटो पाठवलाय, या वेळी ताजा.