चेहऱ्यामागची जागा

चित्रपटविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर चेहरा असावा, तो पानभर असावा आणि त्याच्या पाठीमागे ओळखू येईल असा कोणताही प्रदेश असू नये, हा शिरस्ता आपल्याकडे इतका जुना आणि इतका निर्विवाद झाला आहे की, तो कधीकाळी कोणी विचारपूर्वक घालून दिला असेल ही शंकाही मनाला शिवत नाही. नटीच्या मागे गुलाबी धुके असते, नटाच्या मागे निळे. गाव, रस्ता, भिंत, झाड यांपैकी काहीही नसते. माझ्या आयुष्याचा पुष्कळसा भाग या मुखपृष्ठांच्या सहवासात गेला आहे, आणि न्हावा शेव्याच्या परिसरातील काही विद्यार्थ्यांनी केलेले एक मुखपृष्ठ समोर ठेवून मी आज त्या सर्वांचा पुन्हा विचार करू लागलो आहे.

माझे वडील तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, उरणच्या सरकारी कचेरीत कारकून होते. दप्तर नीटनेटके ठेवण्याचा त्यांचा कटाक्ष घरातही चाले. जून महिन्यात शाळा सुरू झाली की आमच्या पुस्तकांना वेष्टने घालण्याचे काम ते स्वतः करीत आणि त्यासाठी रद्दीतून आणलेल्या मासिकांची जाड, गुळगुळीत पाने वापरीत. त्यांत बाबूराव पटेल यांच्या, १९३५ साली निघालेल्या ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठे असत. त्यांतील कित्येक चित्रे एस. एम. पंडित यांच्या कुंचल्याची होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा एवढेच कळे की, माझ्या भूगोलाच्या पुस्तकावरील ती स्त्री मी कोठेही बसलो तरी माझ्याकडेच पाहते आणि तिचे ओठ छापताना तांबडा रंग किंचित बाहेर सरकला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी मी हात तयार केला तो या चेहऱ्यांच्या नकला काढून.

पुढे मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेऊ लागलो, तेव्हा त्या धुक्याचे कारण उमगले. चित्रकारासमोर बहुधा नटनटी बसतच नसे. त्याच्या हाती येई ते स्टुडिओत काढलेले छायाचित्र, आणि त्यातील प्रकाश कोणत्याही सूर्याचा नसे. शिवाय पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार ठसे एकमेकांवर अचूक बसविण्याच्या खटाटोपात पार्श्वभूमी जितकी सपाट तितका मुद्रकाचा जीव स्वस्थ राही. विक्रेत्याच्या दुकानात दोरीवर टांगलेला अंक रस्त्याच्या पलीकडून ओळखू यावयाचा, तर अक्षरांना मोकळी जागा हवी आणि डोळे मोठे हवेत. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी ज्या स्त्रिया घराघरांत पोहोचविल्या, त्यांच्या मागे निदान तुळशीवृंदावन असे, नदीचा घाट असे. चित्रपटाच्या मासिकाने मात्र तेवढेही ठेवले नाही. सर्वांची झालेली नटी एका गावची राहून कसे चालेल, असा त्यामागील हिशेब असावा.

मला स्वतःला हा हिशेब कधी पटला नाही, कारण मराठी चित्रपटाची परंपरा याच्या अगदी उलट आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, तेव्हा सावकाराच्या फासात जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला आणि त्याची झोपडी त्या माणसाइतकीच महत्त्वाची मानली. आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगविणारा हा कलावंत होता. त्याच्या वारसांनी मासिकांच्या मुखपृष्ठांवरून झोपडी पुसावी याचे मला आजही वाईट वाटते.

जमीन जाण्याचा विषय आमच्या तालुक्याला परका नाही. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणास मुकले, आणि त्यांच्या बलिदानानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले. देशातील प्रमुख बंदरांच्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा भार आज ते वाहते. मात्र त्यासाठी शेवा गावाची वस्ती उठली. शेतकरी नवीन शेव्यात गेले, कोळी हनुमान कोळीवाड्यात, जेथे पुढे घरांना वाळवी लागली आणि पुनर्वसनाचेच पुनर्वसन मागण्याची पाळी आली.

याच कोळीवाड्यातील एका वृद्ध स्त्रीवर तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या मुलामुलींनी लघुपट केला. अभ्यासक्रमाप्रमाणे त्यासोबत चित्रपट-मासिकाचे एक मुखपृष्ठही करावयाचे होते, म्हणून ती मुले माझ्याकडे आली. पहिला मसुदा त्यांनी शिरस्त्याला धरून केला होता: आजींचा चेहरा, मागे निळे धुके. तो नापसंत करण्याचे काम आजींनीच केले. चित्र कोठले आहे ते कळत नाही, असे त्या म्हणाल्या.

जुन्या शेव्याच्या जागेवर उभे राहून छायाचित्र घेणे शक्य नव्हते. बंदराच्या हद्दीत परवान्यावाचून प्रवेश नाही. तेव्हा कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर, थप्पीने रचलेल्या कंटेनरांच्या समोर आजींना उभे केले. निळ्या, हिरव्या, नारिंगी पेट्यांच्या त्या गर्दीत चेहरा हरवू लागला, म्हणून छायाचित्र घेणाऱ्या मुलीने जागा बदलत बदलत अखेर एकाच गेरूच्या रंगाच्या पेटीची बाजू मागे येईल अशी चौकट धरली. पत्र्याच्या उभ्या पन्हळी आजींच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांशी समांतर आल्या. सपाट पार्श्वभूमीची जुनी सोय साधली, आणि तरीही ती जागा न्हावा शेव्याचीच राहिली. या एका निवडीसाठी मी त्या मुलीला मनोमन नमस्कार केला.

खरा वाद झाला तो दृष्टीविषयी. मासिक डावीकडे बांधलेले असते आणि उजवीकडून उघडते. म्हणून चेहरा वाचकाकडे किंवा उजवीकडे पाहणारा असावा, म्हणजे नजर पान उलटावयास बोलावते, असा सर्वसाधारण दंडक आहे. आजी पाहत होत्या डावीकडे, शिवणीकडे, कारण त्यांचे गाव त्या बाजूला होते. मांडणी करणाऱ्या मुलाने संगणकावर छायाचित्र आरशातल्यासारखे फिरविले. पदर दुसऱ्या खांद्यावर गेला आणि पेटीवरील अक्षरे उलटी झाली. अक्षरे दुरुस्त करता येतील, असे तो म्हणाला. गाव दुसऱ्या दिशेला नेता येणार नाही, असे छायाचित्र घेणारी मुलगी म्हणाली. माझा कौल तिच्या बाजूचा होता: दंडक वाचकाच्या सोयीसाठी असतात, आणि ज्या स्त्रीची जागा एकदा इतरांच्या सोयीसाठी बदलली गेली, तिची दिशा तरी कागदावर बदलू नये.

मासिकाच्या नावाची अडचण निराळीच होती. इंग्रजी मासिकात नटाचे मस्तक नावावर आले तरी झाकलेले अक्षर डोळा आपोआप पुरे करतो; देवनागरीत अर्थाचा मोठा भार शिरोरेषेच्या वर असतो, आणि वेलांटी किंवा मात्रा झाकली गेली की शब्दच दुसरा होतो. म्हणून मुलांनी संगणकातील तयार टंक बाजूला ठेवून, नाटकांच्या आणि चित्रपटांच्या नावांना स्वतंत्र रूप देणाऱ्या कमल शेडगे यांची परंपरा डोळ्यांपुढे ठेवून, अक्षरे हाताने रेखली. शिरोरेषा पेटीच्या वरच्या कडेवर बसविली, मात्रा आकाशात मोकळ्या सोडल्या आणि आजींच्या पदराखाली फक्त अक्षरांचे पाय जाऊ दिले. कंटेनरवर चार रोमन अक्षरे आणि सात आकडे असतात, त्यांतील शेवटचा आकडा आधीच्या सर्वांचा ताळा पाहण्यासाठी असतो. त्याच वळणाने त्यांनी अंकाचा क्रमांक, महिना आणि मूल्य पत्र्यावर रंगविल्यासारखे एका ओळीत लिहिले.

मग राहिल्या मजकुराच्या ओळी. दिग्दर्शनाविषयी एक, महोत्सवाविषयी एक, छायालेखनाविषयी एक, अशा नेहमीच्या ओळी डाव्या बाजूला होत्या. आजींनी छापील नमुना हाती घेतला आणि आपले नाव कोठे आहे असे विचारले. नटीचे नाव मुखपृष्ठावर नसले तरी चालते, कारण ते साऱ्या देशाला ठाऊक असते. ज्यांची उपजीविका खाडीवर होती त्या कोळ्यांचे नाव मात्र जमिनीच्या दप्तरात खातेदार म्हणून क्वचितच लागले होते, आणि त्यांच्या स्त्रियांचे तर त्याहून क्वचित. मुलांनी दोन ओळी काढल्या. त्या जागी आजींचे संपूर्ण नाव आणि त्याखाली ‘शेवा’ हे गावाचे नाव, दोन्ही एकाच मापात घातले. नवीन शेवा किंवा हनुमान कोळीवाडा असे लिहावे काय, असे आजींना विचारले असता त्यांनी नाही म्हटले, आणि मुलांनी त्याप्रमाणे अंक छपाईला धाडला.