दिवस सुरू होतो संध्याकाळी!

सांगा बरं, तुमचा दिवस कधी सुरू होतो? मोबाइलचा अलार्म वाजला की? पहिला ई-मेल उघडला की? आमच्या घरात तो हल्ली संध्याकाळी साडेसातला सुरू होतो. हसू नका! आयडिया माझी नाही, चांगली जुनी आहे. बायबलच्या पहिल्याच अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. ज्यू लोकांचा शब्बाथ आजही शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो. म्हणजे आधी विश्रांती, मग काम. आपलं नेमकं उलट असतं. काम संपलं तर विश्रांती. आणि काम कधी संपतं का?

२०२३ मध्ये नवऱ्याचा प्रोजेक्ट बंद झाला आणि तो बेंचवर आला. आयटीवाल्यांना यापुढे काही सांगायला नकोच. फ्लॅटचा हप्ता चालू, मुलीची फी चालू आणि पहाटे तीनला छातीत धडधड होऊन माझं जागं होणंही चालू. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. झोपताना गोष्ट मागायची सोडून ती विचारायला लागली, ‘पप्पांना उद्या ऑफिस आहे ना?’ घरातलं टेन्शन तिच्या पांघरुणात शिरलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत, ही अँग्झायटी आहे म्हणाले, काउन्सेलरकडे पाठवलं. प्रार्थना करणाऱ्यांनी डॉक्टरकडे कशाला जायचं, असं काही जणांना वाटतं. पण शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असं आमची परंपराच सांगते! काउन्सेलर म्हणाल्या, घराला एक लय द्या. तेव्हा मला नगरची आजी आठवली. तुमच्या आजीकडे दिवेलागणीला शुभंकरोती असेल, आमच्याकडे कौटुंबिक उपासना असायची. एक गीत, बहुतेकदा रेव्हरंड टिळकांचं, शास्त्रातला एक उतारा आणि प्रार्थना. पंधरा मिनिटांचा मामला. पाहुणे आले तर तेही सतरंजीवर!

मग पुण्यातल्या टू बीएचकेत आम्ही तिचीच पद्धत बसवली, जरा आपल्या सोयीने.

साडेसातला दोघांचे फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. नवऱ्याचा कॉल असेल त्या दिवशी त्याला सूट, पण डबा निघतोच. मग उपासना. गीत मुलगी निवडते, त्यामुळे जूनमध्येही नाताळचं गाणं होतं! त्यानंतर प्रत्येकाने एक काळजी मोठ्याने सांगायची आणि एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. ‘हप्ता’ हा शब्द मुलीसमोर पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळली. पण तिला ते आधीच ठाऊक होतं. न बोललेली काळजी पोरांना जास्त मोठी दिसते.

जेवणानंतर उद्याची चिठ्ठी. कामं, फोन, बिलं, सगळं कागदावर. तो कागद फ्रिजवर लावला की आजचा विषय संपला. उद्याची काळजी उद्यावर सोडा, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. ते ऐकायला सोपं आहे, पण डोक्याला कुठेतरी सोडायला जागा लागते. आमची जागा फ्रिजच्या दारावर आहे.

शनिवारचा नियम मान्न्यावरून घेतलाय. रानात इस्राएल लोकांना तो रोज त्या दिवसापुरताच मिळायचा. उद्यासाठी साठवला की किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि सातव्या दिवशी आराम. म्हणून शनिवारी आम्ही तिघं मिळून युनिफॉर्म इस्त्री करतो, भाज्या निवडतो, रस्सा दुप्पट करतो. रविवारी चर्चहून आलं की फक्त भात लावायचा. बाकी दुपार आमची.

नवऱ्याला चार महिन्यांनी नवा प्रोजेक्ट मिळाला. पण ही घडी त्याआधीच बसली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. परिस्थिती तीच असताना घर शांत होऊ शकतं. आजही एखाद्या पहाटे तीनला जाग येते. फरक इतकाच, की फोन डब्यात असतो आणि काळजी चिठ्ठीवर. जग चालवणारा जागा आहे, मी झोपले तरी चालेल, एवढं मनाशी म्हणते आणि कूस बदलते. विश्रांती हा कामाचा पगार नसून आधीच हातात ठेवलेली भेट आहे, हे मला असं रोज थोडं थोडं पटत गेलं.

तुमचा धर्म कुठलाही असो, यातली एखादीच गोष्ट उचला. सगळं एकदम करायला जाल तर त्याचंही टेन्शन येईल! धडधड थांबतच नसेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही फ्रिजवर लावून ठेवा.

आणि सोमवारची वाट बघू नका. नवा दिवस आज संध्याकाळीच सुरू होतोय!