चवळीच्या पानावर

१० ऑगस्ट २०२४
चवळी पेरली. २४ कुंड्या.

२० ऑगस्ट
पहिली दोन पानं उघडली. कार्बोरंडमची पूड भुरभुरली, मागच्या फेरीतल्या रोगट पानांचा रस थेंबभर टाकला, हातमोज्याच्या बोटाने हलकेच चोळलं. ओरखडा पडायला हवा, पान फाटता कामा नये. लगेच पाणी. ४८ पानं. खांदा भरून आला.

२१ ऑगस्ट
गावाहून बाबांचा फोन. "अगं, रोगट रोप दिसलं की आम्ही उपटून टाकतो. तू पाळतेस?" सांगितलं, चवळीचा हा विषाणू माणसाला लागत नाही. त्याच्या कवचावर डेंग्यूच्या विषाणूचा छोटासा तुकडा बसवलाय. शरीराने तुकडा ओळखावा, आजार होऊ नये. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चवळीत लस?"
हो बाबा.

२५ ऑगस्ट
ग्रीनहाऊसच्या जाळीला बोटभर भोक. भुंगेरे हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. आपण बदललेला विषाणू बाहेर जाता कामा नये. भर पावसात जाळी शिवली.

३० ऑगस्ट
नव्या पानांवर मोझॅक! फिकट-गडद ठिपके, पान सुरकुतलेलं. इतकं देखणं रोगट पान पाहिलं नव्हतं.

१ सप्टेंबर
आर. उषा आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा लेख पुन्हा काढला. याच विषाणूवर लाळ्या-खुरकूतचा तुकडा. १९९७ मध्ये अशाच लसीने मिंक प्राण्यांना आजारापासून वाचवलं. माणसांसाठी कॅनडाने २०२२ मध्ये झाडात बनवलेली कोविडची लस मंजूर केली. वर्षभरात मालकांनी ती कंपनीच बंद करायचं ठरवलं. फार वाईट झालं ते.

७ सप्टेंबर
गणपती बसले. धाकट्या भावाला ताप. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणतो.

८ सप्टेंबर
डेंग्यू.

११ सप्टेंबर
प्लेटलेट्स ४६,०००. "ताई, तुझी लस कधी येणार गं?" त्याच्या कपाळावर हात ठेवला.

१२ सप्टेंबर
पानं कापली, फ्रीझरमध्ये ठेवली. परत रुग्णालयात.
डेंग्यूचे चार प्रकार. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडंच कधी कधी आजार बळावायला मदत करतात. म्हणून तर अख्खा विषाणू नको, निवडक तुकडा हवा. हे त्याला सांगितलं नाही. आईलाही नाही.

१४ सप्टेंबर
९०,०००. पेज प्यायला.

१७ सप्टेंबर
विसर्जन. ढोलांचा आवाज प्रयोगशाळेपर्यंत. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली, बाजूने दिवा धरला. निळसर दुधी पट्टा. विषाणूच तो.

२४ सप्टेंबर
पीसीआर. तुकडा नाही. एकाही झाडात नाही.
मोझॅक तसाच, पट्टा तसाच. डेंग्यूचं ओझं तेवढं विषाणूने वाटेत टाकून दिलं.

२५ सप्टेंबर
मार्गदर्शक मॅडमनी आमच्या रचनेचा जनुकीय क्रम समोर ठेवला. "कडा बघ." तुकड्याच्या दोन्ही कडांना तीच अक्षरं दोनदा. विषाणूने मधला भाग गाळून कडा जुळवून घेतल्या. १९९३ च्या रचनेतही हेच झालं होतं, १९९४ मध्ये त्यांनी दुरुस्त केलं. लेख माझ्या टेबलावरच होता.

२६ सप्टेंबर
रडून झालं. नवी रचना कागदावर. कडा एकेरी. तुकडाही आखूड, २० अमिनो आम्लांचा.

६ ऑक्टोबर
धाकट्याने गच्चीवरची पिंपं घासून पालथी घातली. अजून लवकर दमतो.

१२ ऑक्टोबर
दसरा. चवळी पेरली.

१७ ऑक्टोबर
२४ पैकी २२ उगवल्या.