दुसरा ट्रॅक

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघांनी मेल करून चौकशी केली. (त्यातली एक सख्खी मावशी. म्हणजे एकच धरायला हवी.) तर मंडळी, कारण असं की मी सध्या व्हिडिओ एडिटर झाले आहे. हसू नका.

झालं काय, की कन्येची बारावी संपली आणि दोन वर्षं कपाटात टाकलेला कंट्रोलर बाहेर आला. पुढच्या महिन्यात ती होस्टेलवर जाणार, तोवर एक गेम पूर्ण खेळून, त्याचं रेकॉर्डिंग करून, मराठीत समजावून सांगणारे व्हिडिओ करायचे असा तिचा बेत. गेमचं नाव 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केलेला, २०२० साली आलेला. राजी नावाची मुलगी, दैत्यांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. महाल, किल्ले, भिंतींवरची चित्रं, सगळं इतकं देखणं की मीही पोळ्या करता करता दोनदा डोकावून गेले.

खेळणं तिचं, बोलणं तिचं. कापाकापी माझ्याकडे आली. "आई, तू पूर्वी डीटीपी करायचीस ना? मग हे तेच. फक्त हलतं." आता यावर काय बोलणार?

मला वाटलं होतं, रेकॉर्डिंग म्हणजे एक बटण. पण स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट, आणि अशी चित्रं सेकंदाला ६०. मी कागदावर गुणाकार केला. सेकंदाला ३७ कोटी बाइट! जसंच्या तसं साठवलं तर मिनिटाला २२ जीबी. आमच्या हार्डडिस्कने तिथेच राम म्हटला असता. म्हणून चित्र दाबून साठवायचं. ते काम ग्राफिक्स कार्डात वेगळ्या बसवलेल्या भागाकडे दिलं, की गेम अडखळत नाही. रेकॉर्डिंगला आम्ही ओबीएस वापरतो. ते फुकट आहे. त्यात दर्जाचा एक आकडा द्यायचा असतो. तो जितका लहान, तितकं चित्र स्वच्छ आणि फाइल लठ्ठ. आम्ही १८ ठेवला. चाळीस मिनिटांची फाइल सोळा जीबी झाली, पण राजीच्या ओढणीची किनार दिसते!

पहिल्याच आठवड्यात दणका बसला. कन्या तासभर एका राक्षसाशी झुंजत होती, शेवटी तो पडला, ती ओरडली, आणि वीज गेली. फाइल होती एमपी४. तिची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मधेच कारभार आटोपला तर सगळं आत असूनही फाइल उघडत नाही. कन्या त्या रात्री जेवली नाही. तेव्हापासून आम्ही एमकेव्हीत रेकॉर्ड करतो. वीज गेली तरी तोवरचं शाबूत राहतं, आणि नंतर दोन मिनिटांत एमपी४ करून घेता येतं. (ओबीएसच्या नव्या आवृत्त्यांत या दुखण्यावर इलाज केलेली एमपी४ही आहे म्हणे. पण दुधाने तोंड पोळलंय.)

एडिटिंगला केडेनलाइव्ह. तेही फुकट. आमच्या जुन्या मशीनला सोळा जीबीची फाइल ओढवेना. मग कळलं की तिची छोटी, हलकी नक्कल करून त्यावर कापाकापी करायची आणि शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ फाइलवरून काढायचा. शिवणाची ताई आधी कागदावर बेततात आणि मग कापडाला कात्री लावतात, तसंच की!

आता मुद्द्याचं. ओबीएसमध्ये आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवता येतो, सहा ट्रॅकपर्यंत. आमच्याकडे पहिल्यावर गेमचा आवाज आणि दुसऱ्यावर माइकचा. कन्येची सूचना स्पष्ट होती, "दुसरा ट्रॅक उडव. त्यात नुसत्या कुकरच्या शिट्ट्या आहेत. माझं बोलणं मी नंतर वेगळं रेकॉर्ड करणार आहे."

उडवणारच होते. पण मला आमच्या लग्नाची कॅसेट आठवली. लग्न २००१ सालचं. त्या व्हिडिओवाल्याने बदामाच्या आकारात आमचे चेहरे वगैरे सगळं हौसेने केलं, आणि मूळ आवाज काढून टाकून अथपासून इतिपर्यंत सनई लावली. पाठवणीच्या वेळी माझी आजी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बोलते आहे. चांगली मिनिटभर. मी मान हलवते आहे. ती काय म्हणाली ते मला आठवत नाही. त्या गडबडीत कुणाला आठवतं? दोन वर्षांनी आजी गेली. ते मिनिट मी कितीदा पाहिलं असेन. ओठ हलतात आणि सनई वाजते.

म्हणून म्हटलं, उडवण्याआधी एकदा ऐकू. गेमचा ट्रॅक बंद केला, हेडफोन लावले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

शिट्ट्या होत्याच. पंख्याची घरघर, भाजीवाला. आणि त्यामागे एक बाई. "उठ आता." "किती वेळ ते?" "पान वाढलंय." "डोळे जातील." "तिथे होस्टेलला कोण उठवणार आहे तुला?" चार दिवसांच्या चार फाइली ऐकल्या. त्या बाईचं एकही वाक्य हुकूम किंवा टोमणा नाही असं नव्हतं. मला शपथेवर सांगता आलं असतं की मी या सुट्टीत तिच्याशी खूप गोड वागते आहे.

आणि कन्या? प्रत्येक वेळी "हो आई, आले". पण तिसऱ्या फाइलमध्ये, "आले" म्हटल्यानंतर, अगदी हळू, स्वतःशीच, "एकदा येऊन बघ तरी". आणि मग पुन्हा बटणांची टकटक.

हेडफोन काढले आणि बसून राहिले. पंधरा दिवस मी तिचा खेळ एकेक फ्रेम करून पाहत होते. कोणत्या उडीला ती किती वेळा पडली, कुठे थांबून विचार केला, सगळं मला पाठ होतं. पण ती खेळत असताना मात्र मी स्वयंपाकघरात होते.

दुसऱ्या दिवशी गॅस बंद करून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने संशयाने पाहिलं. "काय झालं?" "काही नाही. बघायला आले." शेवटची मोठी लढाई होती. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण पाच मिनिटांत "अगं मागे! मागे बघ!" असं किंचाळले. ती दचकली, राजी मेली, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की पॉज करावं लागलं. "आई, हे सगळं कापावं लागणार," ती डोळे पुसत म्हणाली.

कापलंही. तिच्या व्हिडिओत ते नाही. तिथे फक्त स्वच्छ चित्र आणि तिचं नीट तयारी केलेलं बोलणं. पण मूळ एमकेव्ही मी पोर्टेबल हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत, दोन्ही ट्रॅकसकट. हसण्याची ठेवली, तशी हुकूम सोडणाऱ्या बाईच्या चारही ठेवल्या. काढून टाकाव्यात असं फार वाटलं होतं. पण मग माझ्यात आणि त्या सनईवाल्यात फरक काय राहिला?

असो. शेवटचा भाग एक्सपोर्ट होतोय, टक्केवारी ७१ वर आहे. आतून हाक आली आहे, "आई, किती वेळ ते? पान वाढलंय."

आले म्हटलंय.