न ठेवलेले पाऊल

पुणे, २५ मे

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

माजघरात टांगलेल्या हिमशिखराच्या छायाचित्राखाली तुझ्या आजोबांनी शाईने 'वचन' एवढा एकच शब्द का लिहून ठेवला, असे तू मँचेस्टरहून विचारले आहेस. त्याचा उलगडा करण्यास आजच्याइतका उचित दिवस दुसरा नाही.

ते शिखर कांचनगंगेचे. त्या नावात आपल्याला कांचनही दिसते आणि गंगाही. परंतु मूळ शब्द तिबेटी असून त्याचा अर्थ 'महाहिमाचे पाच खजिने' असा आहे, आणि पाच शिखरांच्या या समूहाला सिक्कीमची प्रजा आपली रक्षक देवता मानीत आली आहे. १८५६ साली मोजणी खात्याची गणिते जाहीर झाली, तोवर पृथ्वीवरील सर्वोच्च पर्वत हाच, असा समज होता. २८,१६९ फूट उंचीचा हा पर्वत आज तिसरा गणला जातो.

१९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश तुकडीने नेपाळच्या बाजूने चढाई आरंभिली, ती देवतेच्या माथ्यावर पाय ठेवणार नाही असे वचन सिक्कीम दरबारास देऊनच. २५ मे रोजी, दुपार कलली असता, तुझ्याच शहरात वाढलेला, नळकामाची उमेदवारी केलेला जो ब्राउन अखेरच्या कातळातील फटीत हात रोवून वर चढला, आणि पाहतो तो समोर वीसेक फुटांवर हिमाचा शुभ्र माथा, त्याच्याहून जेमतेम पाच फूट उंच! मागोमाग जॉर्ज बँड आला, आणि दोघेही तेथेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी व टोनी स्ट्रीदर तेथवर पोचले आणि त्यांनीही ती मर्यादा ओलांडली नाही. पुढे १९७७ साली कर्नल नरेंद्रकुमार यांच्या भारतीय लष्करी तुकडीनेही तोच संकेत पाळला.

जन्मभर कचेरीत दस्तऐवज नोंदविणाऱ्या तुझ्या आजोबांना, मुद्रांकावाचून आणि साक्षीदारांवाचून, पाहणारे कोणी नसताना पाळलेला हा करार फार मोलाचा वाटे. त्या शुभ्र माथ्याकडे बोट दाखवून ते आम्हां मुलांना म्हणत, "एवढी जागा कोरी राहिली, म्हणून हे शिखर सर झाले."

पुढल्या खेपेस येशील तेव्हा ते छायाचित्र घेऊन जा. ब्राउनच्या गावी ते शोभेल.

तुझा,
मामा