नावाचे ऋण

घरात मूल जन्माला आले, की स्नानसंस्काराच्या आधी नावाची चर्चा सुरू होते. आजोबांचे नाव ठेवावे, की त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचे? आम्हा रत्नागिरीच्या कॅथलिक घरांतही हे गोड भांडण नवे नाही. नाव हाक मारायला सोपे आहे का, आडनावाला शोभते का, हे सारे पाहिले जाते. अर्थ मात्र क्वचितच विचारला जातो. आम्हीही आमच्या मुलांची नावे ठेवताना तो विचारला नव्हता. ही चूक ध्यानात आली ती एका मराठी माणसाच्या चिनी नावामुळे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची ओळख आम्हाला, अनेकांप्रमाणेच, व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे झाली. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा तरुण, जपानी आक्रमणाने घायाळ झालेल्या चीनच्या मदतीस १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होता. चिनी लिपीत बहुतेक प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. त्यामुळे परक्याचे नाव लिहायचे म्हणजे त्याच्यासाठी अर्थही निवडायचा. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे ‘चीन’ हे अक्षर आले. कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

‘के’ हे तेथील एक आडनाव. त्याचा जुना अर्थ फांदी. ‘दि’ हे चेरीच्या जातीचे एक झुडूप. आणि ‘हुआ’ या अक्षराचा प्राचीन भाषेतील अर्थ फूल असाही आहे. ‘शिजिंग’ या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात याच झुडपाच्या फुलांनी आरंभ होणारे एक गीत आहे, आणि त्याचा विषय आहे भावाभावांचे प्रेम. तेव्हापासून ‘दिहुआ’ हा शब्द चिनी साहित्यात बंधुप्रेमाचे प्रतीक झाला. म्हणजे जुन्या काव्याशी परिचित असलेल्या चिनी माणसाला या नावात परदेशी डॉक्टर नव्हे, तर भाऊ ऐकू येतो.

परक्या भूमीचे नाव स्वीकारण्याचा हा मार्ग आपल्या ख्रिस्तसभेलाही अनोळखी नाही. १५७८ मध्ये गोव्यात उतरलेले येशूसंघीय मात्तेओ रिची पुढे चीनमध्ये गेले आणि ‘ली मादौ’ या नावाने जगले. १६१० मध्ये बीजिंग येथे त्यांचे निधन झाले. मत्तय या नावाचे ‘मादौ’ हे रूप चिनी कॅथलिकांच्या मुखी आजही आहे.

कोटणीसांनी आपले नाव खरे केले. युद्धभूमीवरील जखमींची सेवा करीत ते १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले गेले : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या आजाराने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पिता गेला.

पुढे १९६२ मध्ये त्या नावातील दोन्ही देश रणांगणात समोरासमोर उभे ठाकले. १९६७ मध्ये यिनहुआही ऐन तारुण्यात मरण पावला. मग ते नाव खोटे ठरले काय?

या प्रश्नाशी आम्ही बराच काळ अडखळलो. उत्तर सापडले ते पेत्राच्या चरित्रात. प्रभूने सीमोनाला ‘खडक’ म्हटले तेव्हा तो खडक नव्हता. पुढे अंगणातल्या शेकोटीपाशी त्याने तीन वेळा प्रभूला नाकारले. तरी प्रभूने दिलेले नाव परत घेतले नाही. ते नाव त्याची वाट पाहत राहिले, आणि अखेर तो त्या नावापर्यंत पोहोचला. यिनहुआचे नावही तसेच वाट पाहत आहे. ते खरे करण्याचे काम मागे राहिलेल्यांचे आहे.

म्हणून स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू बाळाचे नाव विचारतात, तेव्हा आपण बाळाला केवळ एक हाक देत नसतो. त्याच्या खांद्यावर एक गोड ऋण ठेवीत असतो. आमची मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्या नावांचे अर्थ आम्ही त्यांना उशिराच सांगितले. नातवंडांच्या बाबतीत मात्र तो उशीर होऊ नये, एवढीच प्रार्थना.