जुन्या कोटाच्या शोधात : बार्शीटाकळी ते बहिरम

अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागले की सुमारे वीस किलोमीटरवर बार्शीटाकळी येते. गावाची ओळख सांगितली जाते ती कालिका देवीच्या हेमाडपंती मंदिरावरून. शके १०९८ चा शिलालेख या मंदिरात आहे; म्हणजे साडेआठशे वर्षांचा काळ त्या दगडांवरून गेला. त्या युगातील शिल्पांतले पुरुष पाहावेत तर अंगावर अलंकार भरपूर, कापड मात्र कमरेभोवती नेसलेले. सुईदोऱ्याचे काम त्यात जवळजवळ नाही. वऱ्हाडातील पुरुषाच्या वेशाचा विचार येथून सुरू करणे सोयीचे, कारण जुन्या कपड्यांच्या बाजारात आज काय मिळते आणि काय मिळत नाही, याचे उत्तर नेसण्याच्या आणि शिवण्याच्या या भेदातच आहे.

नेसूचे वस्त्र कधी जुने होऊन पडून राहत नसे. धोतर विरले की त्याचा पंचा होई, पंचाचे फडके, फडक्याची गोधडीतली चिंधी आणि शेवटी दिव्याची वात. रेशीमकाठी नागपुरी धोतरजोड्या एके काळी वऱ्हाडातील प्रत्येक सधन घरात होत्या, आज त्यातील एखादी अखंड सापडणे कठीण. शिवलेल्या कोटाचे मात्र दुसरे काही करता येत नाही. त्याची ना गोधडी होते ना वात. म्हणून तो ट्रंकेत राहिला, आणि ट्रंकेतून बाजारात आला.

हा कोट वऱ्हाडच्या पेढीवर आला तो कापसाच्या मागोमाग. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाणारा हा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात जाऊ लागला. पुढे नागपूरपर्यंत आगगाडी झाली. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आडतीवर, जिनिंगमध्ये, कचेरीत आणि स्टेशनवर ऊठबस करणाऱ्या व्यापाऱ्याला अंगरखा व बाराबंदी अपुरी वाटू लागली. खाली धोतर, वर बंद गळ्याचा लांब कोट, खांद्यावर उपरणे आणि डोक्याला पगडी किंवा टोपी, हा वेश तीन-चार पिढ्या टिकला. अकोला, वाशीम, कारंजा, खामगाव येथील जैन घरांतील भिंतींवरचे जुने फोटो याच वेशातले. फोटोतला कोट घरात आहे का, असे विचारले तर मात्र उत्तर बहुधा नकारार्थी येते.

आईचा शालू मुलीकडे जातो, मुलीकडून नातीकडे. पुरुषाच्या कपड्याला असा वारस नसतो. घरातील कर्ता गेला की त्याचे कपडे दिवाणजीला, गड्याला किंवा कुणा गरजूला देऊन टाकण्याची रीत होती, आणि तिच्यामागची भावना उदात्त होती. उरलेले बोहारणीच्या गाठोड्यात गेले व त्या बदल्यात स्टीलचा डबा आला. जरीचे जे होते त्याची गत अधिक वाईट झाली. खऱ्या जरीत चांदीची तार असे. जुनी जर घेणारे दारोदार फिरत, उपरण्याचे काठ आणि पगडीचे पदर वजनावर घेत आणि ते जाळून चांदी काढीत. घरधन्याला चार पैसे मिळाले. हिशेबाला अत्यंत जागरूक असणाऱ्या घरांनी विणकराची मजुरी तेवढी हिशेबात धरली नाही.

आता उलटा प्रवाह सुरू झाला आहे. लग्नात आजोबांसारखा कोट हवा म्हणून तरुण मुले जुने कपडे शोधत हिंडतात. लंडनला पोर्टोबेलो रस्त्यावर शनिवारी अशा कपड्यांचे ठेले लागतात आणि मोठ्या शहरांत त्यासाठी खास प्रदर्शने भरतात. आपल्याकडे पुण्याचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. मुंबईचा चोर बाजार तर सर्वांना ठाऊक आहे. बार्शीटाकळीच्या तरुणाने आधी तिकडे धावण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात हिवाळ्याच्या तोंडावर जुन्या गरम कपड्यांचे ढीग लागतात. शेतकरी हरभऱ्याच्या जागलीसाठी त्यातून कोट उचलतो. त्याला ऊब हवी असते, बाकी कशाशी कर्तव्य नसते. त्यामुळे किंमतही उबेची असते.

पुढचा मुक्काम बहिरमचा. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा ऐन थंडीत महिन्याहून अधिक काळ चालते. यात्रेतील स्वस्त ब्लँकेटचा धागा उसवून पाहावा. देशोदेशीचे टाकाऊ लोकरी कपडे पानिपतला फाडून, पिंजून, पुन्हा कातले जातात आणि त्यांची ब्लँकेटे होतात. कुणा परक्या माणसाचा कोट अशा रीतीने सातपुड्याच्या थंडीत कामी येतो. याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आयुष्यभर चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरले, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ज्या मुलखाने त्यांना पूज्य मानले, त्या मुलखात दुसऱ्याच्या जुन्या कपड्याला नाक मुरडणारे इतके का असावेत, हे कोडेच आहे.

कोट हाती आला की प्रथम आतली चिठ्ठी पाहावी. शिंप्याच्या नावाखाली गावाचा पत्ता असतो, आणि वऱ्हाडच्या पत्त्याइतका बोलका पत्ता दुसरा नाही. त्यावर ‘सी. पी. अँड बेरार’ असेल तर चिठ्ठी १९५० पूर्वीची. अकोल्यापुढे मध्य प्रदेश लिहिलेले दिसले तर ती १९५० ते १९५६ मधली; मुंबई राज्य असेल तर १९५६ ते १९६० मधली. शिंप्याने जुन्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरल्या असतील, तेव्हा वर्षा-दोन वर्षांची सूट द्यावी लागते. ठाणातून उरलेला तुकडा कोटाबरोबर मिळाला तर आणखी उत्तम. १९४३ मध्ये कापडनियंत्रण आल्यावर गिरण्यांना कापडावर किमतीचा छाप मारावा लागे. किंमत आण्यांत असेल तर कापड १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. माप वारात की मीटरमध्ये, हेही पाहावे. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ही भाषा निराळी शिकवावी लागत नाही.

मग कापड. कोट उन्हासमोर धरावा; काखेत व कॉलरच्या मोडीवर घामाने विरलेली जागा लगेच उजळते. लोकरीला कसर लागलेली असेल तर बारीक छिद्रे दिसतात. विक्रेत्याच्या परवानगीने आतल्या शिवणीतला एक धागा ओढून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख पडते, टेरिलीन वितळून कडक गोळी होते, लोकर आणि रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो.

हा वास आला की जैन ग्राहकाची खरी अडचण सुरू होते. जुन्या कोटाचे अस्तर पुष्कळदा रेशमी असते आणि रेशमासाठी कोश जिवंत किड्यासह उकळलेला असतो. बटणे शिंगाची, हाडाची किंवा शिंपल्याची असू शकतात. काहींचे म्हणणे असे की, हिंसा ऐंशी वर्षांपूर्वी घडून गेली. हा कोट घेतल्याने नवा जीव जात नाही, उलट नव्या कापडाची एक खरेदी वाचते. दुसरे म्हणतात, मिरवलेल्या रेशमाने रेशमाची प्रतिष्ठा वाढते आणि लग्नात तो कोट पाहणारे दहाजण नवे रेशीम घ्यायला दुकानात जातात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दुसरी बाजू व्यापाऱ्याला अधिक पटावी; मागणी कशी तयार होते हे त्याच्याइतके कुणाला कळते? त्यातून निघणारी वाट फारशी अवघड नाही. लोकरी किंवा सुती कोट घ्यावा, रेशमी अस्तर उतरवून मलमलीचे लावावे, शिंगाची बटणे काढून कापडाने मढवलेली लावावीत. संग्राहक याला नासधूस म्हणतील. म्हणोत. कोट अंगावर घालायचा आहे, काचेच्या कपाटात ठेवायचा नाही. लोकरही नको असे मानणाऱ्यांनी सुती ड्रिलचा पांढरा कोट शोधावा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यासाठी असे कोट शिवले जात, आणि ते स्वस्त पडतात, कारण ढिगात त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

पूजेसाठी मात्र असा कपडा वापरू नये. पूजेचे धोती-दुपट्टे स्वतःचे, वेगळे, धुतलेले असावेत ही शिस्त जुन्या वस्त्राच्या कितीही प्रेमाने मोडण्यासारखी नाही.

छातीवर दोन्ही पट्ट्यांना काजी असून बटण एकही नसेल तर बटणे हरवली असे समजू नये. तेथे सोन्याची बटणसाखळी घालीत असत. कपडा धुवायला टाकताना ती काढून तिजोरीत जाई. साखळी घरात राहिली आणि कपडा गेला, असे अनेक घरांत झाले आहे. आजीच्या डब्यात चार बटणे साखळीला अडकलेली सापडली तर ती मोडीत घालण्याआधी एवढे आठवावे.

राहिला मापाचा प्रश्न. जुने कोट खांद्यात अरुंद असतात. आजची मुले आजोबांहून रुंद निघाली आहेत. पण त्या काळचे शिंपी शिवणीच्या आत भरपूर कापड राखून ठेवीत, त्याला ते ‘माया’ म्हणत. मुलगा वाढेल, शेठजींचे पोट सुटेल, कोट धाकट्या भावाकडे जाईल, हे सारे धरून ती सोडलेली असे. कोट घेण्यापूर्वी बाजूच्या शिवणीत बोट घालून माया किती आहे ते चाचपावे; दोन बोटे असेल तर काम होते. ती उसवून इस्त्रीने जुनी घडी मारणारा कारागीर आता स्वतःचे दुकान मांडून बसलेला क्वचितच दिसतो. रेडिमेडच्या दुकानाबाहेर पायजम्याच्या पट्ट्या दुमडण्याचे काम करीत बसलेल्या वयस्क शिंप्याला कोट दाखवावा. तो आधी कोट उलटा करून आतली शिलाई पाहील, आणि मगच पैशांचे बोलेल.